जे सापडले नाही, त्याचा पुरावा

३ नोव्हें., मुरबाड
सिद्ध करायचे ते असे: हिराबाईच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण या संगणकात नाही.
हिराबाई डोळखांबकडच्या पाड्यावरची धवलेरी. लग्ने तिच्या गाण्यांनी लागत. गेल्या महिन्यात वारली. तिची लेक जानी आज आली. माझ्या पत्नीने, सुलभाने, मोबाइलवर घेतलेली गाणी हवीत. मोबाइलवरचे सारे ती या संगणकात उतरवून ठेवी. "मला अर्धीच येतात, सर. मधलं आईबरोबर गेलं. शिमग्यामागं भाचीचं लगीन हाय. लावायचं मलाच." आठवडाअखेर ती वीटभट्टीवर जाणार.
सुलभा असती तर क्षणात काढून दिली असती. ती जाऊन दीड वर्ष.

४ नोव्हें.
टर्मिनल उघडले. चित्रांवर बोट टेकवून शोधण्यावर विश्वास नाही; लेखी आज्ञेला लेखी उत्तर मिळते.
find /home -iname '*hira*' 2>/dev/null
नावात hira असलेली एकही फाइल नाही. मग नाव सोडून आवाजाच्या सर्व फाइली. माझी व्याख्याने तेवढी निघाली. आज्ञेची शेवटची '/dev/null'ची शेपटी नेहमीचीच. तिच्यामुळे तक्रारीच्या ओळी पडद्यावर येत नाहीत.

६ नोव्हें.
जानीला सांगितले, नाही.
"नीट बघितलंत ना? बाई म्हनायच्या, सरांना दुसऱ्याची चूक लगेच दिसते, सोताचा चष्मा नाय."
शोध पूर्ण होता, असे म्हणालो. रीतही समजावली.
"मंग नसंल." चहा घेतला नाही.

९ नोव्हें.
अस्वस्थ. वस्तू असती तर दिसलीच असती, एवढे आधी ठरले तरच तिचा अभाव सिद्ध होतो. आयुष्यभर वर्गात हेच शिकवले. शेपटी काढून आज्ञा पुन्हा दिली. एक ओळ आली:
find: '/home/sulabha': Permission denied
सुलभा गेल्यावर माझ्या पुतण्याने संगणकावरचे तिचे खाते काढले तेव्हा तिचे सारे सामान गेले, असे मी धरून चाललो. डिरेक्टरी जागेवर आहे, मला बंद.
sudo, म्हणजे सर्वाधिकाराचा शब्द, जोडून आत. dolkhamb नावाचे फोल्डर. तीन फाइली. नावात hira नाही, aaji आहे.

१० नोव्हें.
जानीचा फोन बंद. पाड्यावर तिच्या दिराला लावला. "भट्टी कंची ते मुकादमाला ठावं. शिमग्याला येत्यात का नाय, कोन सांगल."
एक फाइल ऐकली. मध्येच सुलभा विचारते, "आणि पुढचं?" हिराबाई खोकते, हसते, पुढचे गाते. उरलेल्या दोन जानीच्या आधी ऐकणार नाही.

चूक मान्य: जिथे मला प्रवेश नव्हता ती जागा मी रिकामी धरली, आणि तसे सांगू पाहणाऱ्या ओळीचे तोंड मीच बांधले होते.
— वि. ग. जो.