राखाडी कोटातली बाई

गुरुवार, १३ मार्च

प्रिय धाकटे,

परवा मंगळवारी, ११ मार्चला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मला चोर ठरवण्यात आलं. सहा वर्षांनी पत्र लिहिते आहे, तेव्हा आधी तब्येतीची चौकशी करायला हवी. शाळेतल्या सिस्टरांनी आपल्याला तसंच शिकवलं होतं. तर, तू बरी आहेस ना? हा प्रश्न रीतीपुरता नाही.

माझ्या घराखालचं मोठं दुकान तुला माहीत आहे. चहा आणि एक बल्ब घेऊन मी पैसे द्यायच्या रांगेत उभी होते. रखवालदाराने कोपराला हात लावला आणि जरा मागच्या खोलीत चला म्हणाला. रांगेतली माणसं एकदम आपापल्या पिशव्यांत डोकावू लागली. रोज जिन्यात अडवून मला स्वतःच्या गुडघ्यांची कथा ऐकवणारी शेजारीणसुद्धा.

खोली कसली, अडगळ. खोक्यांच्या चळतींमध्ये एक टेबल आणि टेबलामागे मॅनेजर. दाढी कोरीव, अक्कल अजून यायची. "आजी, हे बघा जरा," म्हणाला. मी म्हटलं, "मी तुमची आजी असते, तर म्हाताऱ्या माणसाला आधी खुर्ची द्यायला शिकवलं असतं." खुर्ची आली.

मग त्याने पडद्यावर ६ मार्चची दुपार दाखवली. राखाडी कोटातली एक बाई बुटांच्या सामानापाशी येते. काळ्या पॉलिशची डबी उचलते, झाकण उघडून वास घेते, डबी कोटाच्या खिशात टाकते आणि रखवालदाराला मान डोलावून बाहेर पडते. घाई नाही, इकडेतिकडे बघणं नाही. आपल्याच फडताळातून काही काढावं तशी.

टेलिफोन खात्यात अख्खी नोकरी मी आवाजावरून माणसं ओळखण्यात घालवली. या चित्राला आवाजच नव्हता. कोट माझा, केस माझे, घड्याळाच्या पट्ट्यात खोचलेला रुमालही माझा. मी मलाच बघत होते आणि मला त्यातलं काही आठवत नव्हतं.

डबी उचलायला मात्र त्या बाईचा डावा हात पुढे आला. तुझ्या डाव्या हातावर सिस्टरांनी किती पट्ट्या मोडल्या ते मला आठवतं. चेहऱ्याने तर लोक आपल्याला लहानपणापासून एकीच्या जागी दुसरी समजायचे, आणि कोटही आपण एकाच कापडाचे शिवून घेतले होते. पण त्या पडद्यावर डावं-उजवं आरशासारखं उलटं दिसतं की काय, हे विचारायचं मला सुचलं नाही. आता विचारायची सोय नाही.

"या तुम्हीच ना?" त्याने विचारलं.

दुकानाच्या दारावर आता माझा फोटो लागला आहे, खाली 'प्रवेश बंद'. फोटोत मी खरोखरच चोरासारखी दिसते, पण ते सोड. मालकांना खरमरीत तक्रार लिहायला बसले होते. दोन ओळी लिहून फाडून टाकली. तक्रारीत खरं काय घडलं ते लिहावं लागतं.

मी हो म्हणाले.

नाही म्हटलं असतं, तर ते दुसऱ्या राखाडी कोटाच्या मागावर राहिले असते आणि पुढच्या खेपेला पोलीस आले असते. हे कारण मी घरी आल्यावर जुळवलं. त्या खोलीत ते माझ्या मनात होतं, की क्षणभर मला खरंच ती मीच आहे असं वाटलं, याचा उलगडा अजून होत नाही. घरी येऊन सगळी कपाटं उपसली. पॉलिश सापडलं नाही. म्हणून सुटले असं वाटेना. आईलाही स्वतःच ठेवलेल्या वस्तू कधी सापडायच्या नाहीत.

शेवटी शेवटी दिवस कलला की ती आपले शाळेचे बूट मागायची. पोरींच्या बुटांची उद्या तपासणी आहे, पॉलिश कुठे ठेवलंत? तू म्हणायचीस, वयोमानाने विसरते. मी त्या आजाराचं नाव घेतलं, आणि त्यानंतर तू माझं नाव टाकलंस. त्या आजाराचं नाव या पत्रात मी लिहिणार नाही.

ती तूच असशील, तर माझ्या घराखाली येऊन वर न येणं हा चोरीपेक्षा मोठा गुन्हा आहे. की वर यायलाच निघाली होतीस आणि मध्येच राहून गेलं?

उत्तर मला लेखी हवं, बुधवार, १९ मार्चच्या संध्याकाळच्या टपालापर्यंत. फोन करू नकोस. फोनवर माणसं कशी वेळ मारून नेतात ते मी जन्मभर ऐकलं आहे. तुझ्या अक्षरात लिही, हवं तर डाव्या हाताने. आत्ता पत्र खाली ठेव, खुंटीवरचा कोट काढ आणि दोन्ही खिशांत हात घालून बघ.

डबी असेल, तर मी येते. नसेल, तर तू ये.

तुझीच (एवढं मला पक्कं आठवतं),
ताई