हेडीसला ऐकू गेलं असेल का?

तिमोलासदादा,

तू वादळात नावेवर नेलेल्या धाकट्या फिलोनचं प्रेत आज किनाऱ्याला लागलं. आई अंगणात गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही तळव्यांनी जमीन बडवत पाताळातल्या मृत्युदेव हेडीसला हाका मारू लागली, "एक नेलास ना? आता थोरलाही ने!"

मी तिचे हात धरले. "आई, त्या देवाचं नाव नको घेऊस!"

"सोड! ऐकू दे त्याला."

तळवे रक्ताळल्यावरच ती थांबली. मी तेल लावताना तिनं हळूच विचारलं, "ऐकू गेलं असेल का गं?"

आता ती तीच माती थोपटतेय, रडतं पोर निजवावं तशी.

तू कुठे पळालास ठाऊक नाही, पत्र धाडू कुठे? पण समुद्रावर जाऊ नकोस.

तुझी,
निकेसिप्पे