अमावस्येला चुकणारा प्रोग्रॅम

१४ डिसेंबर २००१, शुक्र.
सकाळची पहिली हीट, म्हणजे भट्टीचा पहिला घाणा, वाया. कास्टिंग इतकं कडक की ड्रिल मोडलं. दोष माझ्या प्रोग्रॅमचा. भट्टीत काय किती टाकायचं ते तोच सांगतो. दुसऱ्या हीटपासून सगळं ठीक. भट्टीवरचे शिवामामा म्हणाले, "आज अमावस्या हाय सायेब. भट्टीला सोसत न्हाय." मी हसलो. आमच्या घरात छप्पन्न सालच्या दीक्षेपासून पंचांग नाही.

२ जानेवारी २००२, बुध.
प्रोग्रॅम दोन भाषांत: सीच्या पोटात पर्ल, पर्लमध्ये मिश्रणाचे नियम. टेबलावर चूक सापडतच नाही. इथे भट्टीवर चूक शोधणारा डीबगर लावला तर ओळीओळीला थांबतो आणि माझ्या बटणाची वाट बघतो. तोवर क्रेन लोंबकळत. मालक ओरडले, "भट्टी हाय ही, शाळा न्हवं!" काढून टाकला. कंटाळा आलाय.

१३ जाने., रवि.
पुन्हा पहिली हीट गेली. पुन्हा अमावस्या. मालक: "आणि एक गेली की तुमचा डबा उचला." डबा उचलला तर परत पुणे, आणि म्हाताऱ्या वडलांना, अण्णांना, इथे कळंब्यात एकटं टाकणं. ते मला जमणार नाही.

२९ जाने., मंगळ.
जमलं बहुतेक! डीबगर गप्प बसून राहतो. काट्यावरून पहिलं वजन आलं की सीच त्याला जागं करते, माझ्याऐवजी प्रश्न विचारते, उत्तरं फाइलीत उतरवते आणि 'चल पुढे' म्हणते. क्रेनला पत्ताही लागत नाही. जेवताना अण्णांना सांगत बसलो. त्यांनी फक्त विचारलं, "जेवलास का नीट?"

१२ फेब्रु., मंगळ.
अमावस्या. शिवामामांची पूजा सुरू झाली तसा नेहमीप्रमाणे चहाला बाहेर गेलो. हात जोडायचे नाहीत आणि नुसतं उभं राहिलं की सगळे बघतात, त्यापेक्षा टपरी बरी. परत आलो तोवर हीट गेलेली.
फाइल उघडली. पहिलं वजन: अर्धा किलो. भंगार अर्धा किलो कसं? मामांना विचारलं.
"नारळ की! आधी काट्यावर ठिवायचा, पाया पडायचं, मग भट्टीम्होरं फोडायचा."
प्रोग्रॅम माल ओळखतो तो वजनांच्या क्रमाने. म्हणजे नारळ झाला भंगार, भंगार झालं पिग आयर्न, पुढचं सगळं एक घर सरकलं. मी एकदा तरी तिथे थांबलो असतो तर! स्वतःचाच राग आला.

१३ फेब्रु., बुध.
मालकांना सगळं सांगितलं. पोट धरून हसले. "म्हंजे अमावस्याच बाधली की!" मामा नारळ हलवायला तयार नाहीत, त्यांच्या वडलांपासून तिथेच ठेवतात. मग हलक्या वजनाला माल समजायचं नाही अशी ओळ मीच घातली. मालक म्हणाले, "फुडची अमावस्या नीट गेली तर डबा ऱ्हाईल. आणि त्या दिवशी चहा बंद. पूजेला हितंच हुबं ऱ्हायचं."
हो म्हणालो की नाही, आठवत नाही.
संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "सापडली का चूक?"
"सापडली."
"काय होतं?"
"काट्यावर नारळ होता."
पुढची अमावस्या कधी ते बघायला शेजारच्या काकूंकडून पंचांग मागून आणलं. शर्टाखाली धरून आलो. अण्णा दारातच बसले होते.