करभरणा कार्यालयासमोरच्या कट्ट्यावर खुंट्या ठोकण्यास हरकत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
सार्वजनिक बांधकाम शाखा.

विषय: कट्ट्याच्या कडेवर सोमवारी लोखंडी खुंट्या बसवू नयेत, याबाबत.
संदर्भ: माझ्या दुकानाच्या शटरवर चिकटवलेली आपली नोटीस.

महोदय,

अर्जदार कट्ट्यासमोर शिवणकामाचे दुकान चालवते. स्केटबोर्डवाल्यांना रोखण्याचे काम "रहिवाशांच्या तक्रारीवरून" होत असल्याचे नोटिशीत म्हटले आहे. कट्ट्याला सर्वांत जवळची रहिवासी मीच आणि माझी काडीचीही तक्रार नाही.

१. कडेवर "तेलकट द्रव्य ओतून नासधूस" झाल्याचे आपले निरीक्षक लिहितात. ते मेण आहे. बोर्ड दगडाला अडू नये म्हणून मेणबत्ती घासतात.

२. "फळ्या आपटून दहशत माजवणारा जमाव" असेही लिहिले आहे. महोदय, त्या टाळ्या आहेत. एखाद्याला अवघड उडी साधली की बाकीचे आपापला बोर्ड जमिनीवर आपटतात. निरीक्षकांनी विचारले असते तर कोणीही सांगितले असते.

३. माझी मुलगी दिवसा दातांच्या कवळ्या बनवते आणि संध्याकाळी कट्ट्यावर असते. तिला एक करामत साधायची आहे: बोर्डाच्या चाकांमधला मागचा दांडा कडेवर टेकवायचा, पुढची चाके अधांतरी ठेवायची, तसेच टोकापर्यंत करकरत जायचे आणि उतरताना बोर्ड पायाखाली पूर्ण फिरवायचा. मलाही पूर्वी हे उंडारणेच वाटे. आता तिच्या टाचेचा भार जरा चुकला तरी मला दुकानातून कळते. चढणे बऱ्याच जणांना जमते. खरा कस उतरताना लागतो, कॉलर शिवताना टोकाशी लागतो तसा. "आई, आता बघ हं!" म्हणते आणि आपटते. गुडघे फुटले, मनगट सुजले, हट्ट गेला नाही. एवढी लांब, सरळ कडा शहरात दुसरी नाही. खुंट्या बसल्या की तिचे उतरणे कायमचे राहून जाईल आणि ते मला सहन होणार नाही.

४. पर्यायी जागा म्हणून आपण क्रीडासंकुलाची हिरवळ सुचवली आहे. गवतावर चाक चालते का, हे आपण आपल्या कार्यालयातली चाके लावलेली खुर्ची तिथे नेऊन पाहावे.

५. पुन्हा कट्ट्यावर बोर्ड चालवणार नाही, असे हमीपत्र मुलीकडून मागितले आहे. ती सही करणार नाही; मी करू देणार नाही. सोमवारी सकाळपासून मी शिवणयंत्रासह कट्ट्याच्या एका टोकाला बसेन. मला उठवल्याशिवाय काम सुरू होणार नाही आणि मी उठणार नाही. उरलेल्या कडेवर मुलीचा सराव चालू राहील.

ही विनंती नसून पूर्वसूचना आहे, याची नोंद व्हावी.

आपली, अर्जापुरती नम्र,
कट्ट्यासमोरची शिंपीणबाई
दिनांक: शुक्रवार

सोबत: उशी एक, आपल्याकरिता शिवलेली. दगड कडक आहे आणि सोमवारी मी उठण्याची वाट पाहत आपल्याला बराच वेळ बसावे लागेल.