बेचाळीस पेट्यांचा परवाना

१ मार्च, सकाळी ७
परवान्याचं काम आजपासून मी स्वतःच्या हातात घेतलं आहे. पलीकडच्या प्रांतात २५ तारखेच्या सुमारास सूर्यफुलं फुलतात. आपल्याकडे सध्या फुलांच्या नावाने पूज्य. मधमाश्यांच्या बेचाळीस पेट्या साखरेच्या पाकावर जगताहेत. महिनाअखेरपर्यंत माश्या हद्दीपलीकडे गेल्या नाहीत तर निम्म्या पेट्या संपतील, असं बायको म्हणाली. म्हटलं, काळजी सोड.
पेट्या मूळच्या सासऱ्यांच्या. माश्यांचं ही आणि मेहुणा बघतात. पण कागद म्हणजे डोक्याचं काम.
संकल्प: १५ तारखेच्या आत परवाना.

२ मार्च
मधमाशी निरीक्षकांच्या ऑफिसात गेलो. क्लार्क म्हणाली, कागद दोन. एक पलीकडच्या ऑफिसचा प्रवेश परवाना, त्याला दहा-बारा दिवस लागतात. दुसरा आपल्या निरीक्षकांचा आरोग्य दाखला, तो फक्त दहा दिवस चालतो. म्हणून आधी परवाना, मग दाखला. हे तिने दोनदा सांगितलं, मी जणू बालवाडीतला. क्लार्कचं ऐकून कुणाचं भलं झालंय? जे जवळ आहे ते आधी पदरात पाडावं. दाखल्याचा अर्ज देऊन आलो.

५ मार्च
तपासणी झाली. निरीक्षकांनी बेचाळीसही पेट्या उघडून बघितल्या. सतरा नंबरची जरा अशक्त आहे, पण रोग कुठेच नाही. ही आणि मेहुणा चौकटी उचलत होते, मी फाईल घेऊन झाडाखालून देखरेख करत होतो. एक माशी एवढं अंतर तोडून आली आणि भुवईला चावली. कृतघ्न जात.
दाखला हातात! मेहुणा म्हणाला, "दाजी, हा पंधरालाच संपेल." चांगल्या कामात मोडता घालायची त्याला लहानपणापासून सवय आहे.

९ मार्च, सकाळी ६
पलीकडच्या ऑफिसात चाललोय. दोन बस बदलायच्या. फॉर्म काय, कुणीही भरून देतं. मी सोबत नमुना घेतलाय: मागच्या हंगामातलं मधाने भरलेलं पोळं, हातभर लांब, हिच्या स्टीलच्या डब्यात दुमडून बसवलं. साहेबांनी माल बघितला की पुढचं बोलणंच नको.

९ मार्च, संध्याकाळी
दगा.
साहेबांनी डबा उघडला. वास घेतला. वा म्हणाले. वा म्हणाले, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. मग विचारलं, हे कुठलं? मी अभिमानाने म्हणालो, आमच्याकडचं, हद्दीच्या त्या बाजूचं. त्यांनी ड्रॉवर उघडून फॉर्म काढला. मध, मेण, पोळं, काहीही हद्दीपार आणायचं तर त्याचा वेगळा परवाना लागतो म्हणे. तो आहे का? नव्हता. डबा प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद. माझं नाव नियम मोडणाऱ्यांच्या यादीत, आणि एक वर्ष त्या नावाने अर्ज घेणार नाहीत.
गोड बोलून केसाने गळा कापला. हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावला होता, हे खरं. पण समोर साहेब बसलेला असताना भिंती कोण वाचतं?
घरी सांगितलं, साहेब रजेवर होते, अर्ज टेबलावर देऊन आलो. डबा बसमध्ये राहिला. ही नुसतं "हो का" म्हणाली.

१२ मार्च
अपील लिहायला घेतलं. अकरा पानं झाली. मुद्दा अजून यायचाय.
मेहुण्याने अर्जाची पावती तिसऱ्यांदा मागितली. म्हटलं, पावती ऑफिसातच ठेवून घेतात. "हो का," म्हणाला. भावाबहिणींची जीभ एकाच ठिकाणी अडकलेली दिसते.

१५ मार्च
दाखल्याची मुदत संपली. तांत्रिक बाब.

१८ मार्च
दिवसभर अपिलाच्या ऑफिसात. पहिलं पान वाचून त्यांनी अर्ज "योग्य त्या ठिकाणी" पाठवायला सांगितला. म्हणजे वजन पडलंय.
घरी आलो तर सगळ्या पेट्यांवर नवे आकडे रंगवलेले. मेहुणा म्हणाला, जुना रंग उडाला होता. बरं झालं, माझा परवाना आला की उपयोगी पडतील.

२२ मार्च, दुपारी
टाचणी शोधत होतो. हत्यारांच्या पेटीत तोंडावर घालायच्या जाळीखाली पाकीट. आत प्रवेश परवाना, बेचाळीस पेट्यांचा. आरोग्य दाखला, १८ तारखेचा. म्हणजे मी त्यांच्यासाठी बाहेर खेटे घालत होतो तेव्हा निरीक्षक इकडे माझ्या अंगणात बसून चहा पीत होते. अर्जदार: बायको. सोबत: मेहुणा. अर्जाची तारीख ११ मार्च.
हिला विचारलं. मेहुणा दहा तारखेला त्या ऑफिसात चौकशीला गेला होता. बाहेरच्या फळ्यावर माझं नाव वाचून आला. म्हणजे दोघांना पहिल्यापासून माहीत होतं. मी साहेब रजेवर, साहेब रजेवर म्हणतोय आणि ही मला गरम पोळ्या वाढतेय.
म्हटलं, सव्वीस वर्षांच्या संसारात हे फळ? ही आवाज न चढवता म्हणाली, "तुम्ही स्वतः सांगाल म्हणून रोज वाट बघितली."
मेहुणा म्हणाला, परवान्यात नाव नसलं तरी काय झालं, तुम्ही मागून बसने या. बसने! स्वतःच्या माश्यांमागे पाहुण्यासारखा.
मला फार लागलं. बाथरूमचा नळ सोडून रडलो. ज्यांच्यासाठी चपला झिजवल्या त्यांनीच पाठ फिरवली. परका दगा देतो तेव्हा राग येतो. घरचा देतो तेव्हा नळ सोडावा लागतो.

२३ मार्च
रात्रभर विचार केला. सतरा नंबरची पेटी अशक्त का आहे? समजा, रोग असला तर? पलीकडच्या माश्यांचं काय? जबाबदार नागरिक गप्प बसू शकत नाही.
निरीक्षकांच्या ऑफिसातल्या तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली. पेट्यांचा नंबर, परवान्याचा नंबर, "रोगाचा संशय आहे, फेरतपासणी व्हावी". नाव घातलं नाही, प्रसिद्धीची हाव नाही. हा सूड नव्हे. फेरतपासणी होईल, दोन दिवस जातील, कागद अडतील, मग धावत कुणाकडे येतील? मी लगेच माफ करीन असं ठरवलं आहे.

२४ मार्च, संध्याकाळी
कुणी तपासायला आलं नाही. निरीक्षक दौऱ्यावर. उन्हं उतरली, माश्या घरी परतल्या, तशी ही आणि मेहुणा एकेका पेटीच्या दाराला जाळी ठोकत गेले. बेचाळीस पेट्या ट्रकवर चढल्या. जाताना हिने विचारलं, येताय का? मी पेपर वाचत होतो. उलटा धरला होता ते नंतर कळलं.
चिठ्ठी गहाळ झाली असावी. एका अर्थी बरंच झालं.

२५ मार्च, सकाळी ७:१५
हिचा फोन. ट्रक पहाटेपासून नाक्यावर अडवलाय. काल ऑफिस सुटायच्या वेळी तक्रारपेटी उघडली आणि क्लार्कने लगेच नाक्यावर कळवलं. निरीक्षकांचं पत्र येईपर्यंत ट्रक हलणार नाही, पेट्या उतरवायच्या नाहीत, जाळ्या काढायच्या नाहीत. ऊन चढतंय. पेट्या आतून तापल्या की मेण मऊ होतं आणि माश्या एकमेकींखाली गुदमरतात. मेहुणा बादलीने जाळ्यांवर पाणी मारतोय.
मग ही म्हणाली, "त्या ऑफिसात तुम्हाला सगळे ओळखतात. हे तुम्हालाच जमेल. लवकर जा."
महिनाभर हेच वाक्य ऐकायचं होतं मला.

२५ मार्च, सकाळी ९:४०
ऑफिस दहाला उघडतं. पायरीवर बसून हे लिहितोय. काय बोलायचं ते ठरवलं: तक्रार कुणा हितशत्रूची असावी.

२५ मार्च, दुपारी ४
हितशत्रूपर्यंत गाडी आलीच नाही. दौऱ्यावरून परतलेल्या निरीक्षकांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि शेजारी माझा २ तारखेचा अर्ज. तीच निळी शाई, तोच पोट सुटलेला "व". रागावले नाहीत. रागावले असते तर मला बोलायला सुचलं असतं.
म्हणाले, "मी त्या पेट्या दोनदा उघडून बघितल्यात. रोग आहे की नाही, तेवढंच सांगा."
मी नागरिकाच्या कर्तव्यापासून सुरुवात केली. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. नाही म्हणालो.
"मग तसं लिहून द्या. खाली नाव घाला."
दोन ओळींत लिहून दिलं. आयुष्यातला सगळ्यात छोटा अर्ज. तो आणि निरीक्षकांचं पत्र नाक्यावर गेलं. पावणेबाराला ट्रक सुटला, असं क्लार्कने सांगितलं. किती पेट्या वाचल्या, ते तिला माहीत नव्हतं. हिला फोन लावायचा होता. लावला नाही.

२८ मार्च
ही एका दिवसासाठी घरी आली, जास्तीच्या चौकटी न्यायला. छत्तीस पेट्या सूर्यफुलांत लागल्या आहेत, माश्या जोरात कामाला लागल्यात म्हणे. ट्रकच्या उन्हाकडच्या बाजूच्या सहा मेल्या. त्यांतल्या दोन तिच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने बनवलेल्या होत्या.
 नाक्यावर मिळालेली माझ्या पत्राची नक्कल तिच्या पिशवीत चौघडी करून ठेवलेली दिसली. मीच म्हटलं, ऊन यंदा लवकर सुरू झालं. ती चौकटी मोजत राहिली.
जेवण झाल्यावर तिने एक फॉर्म माझ्यापुढे ठेवला. मृत वसाहतींचा अहवाल. तो दिल्याशिवाय सहा पेट्यांचे नंबर कमी होत नाहीत आणि बाकीच्या परत आणायचा परवाना मिळत नाही. पेट्यांचे नंबर, तारीख, जागा, सगळं तिने भरलं होतं. रकाना नऊ तेवढा कोरा. मृत्यूचं कारण.
"हा तुम्ही भरा," म्हणाली.
मी लिहिलं: उष्णता. तिने वाचलं आणि फॉर्म परत माझ्याकडे सरकवला. उठली नाही, समोरच बसून राहिली. मी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. अपिलाला अकरा पानं पुरली नव्हती. या रकान्याला तीन ओळींची जागा होती.
उष्णतेपुढे लिहिलं: ट्रक खोट्या तक्रारीमुळे थांबला. तक्रार मी केली होती.
दीड ओळीत झालं.