कचऱ्याच्या खान्यातला चंद्रप्पा

कोची, १० जानेवारी २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं रचता, म्हणून हे पत्र. आमच्या कंपनीची नाव आता खरंच आपली आपण चालते. आत नावाडी नाही. सकाळच्या धूसर उजेडात खाडीवरून अशी येते की पाणीच तिला झोपेत पुढं सरकवतंय असं वाटतं.

समोर माणूस किंवा होडी दिसली की ती थांबते. वाहता कचरा दिसला तर थांबत नाही, नाहीतर दिवसभर थांबतच राहील. तिला ओळख पटावी म्हणून हजारो चित्रं दाखवून शिकवलं; त्यातलं कोणतं माणसाचं, कोणतं कचऱ्याचं, ही वर्गवारी मीच केली. महिनाअखेर सुरक्षिततेच्या दाखल्यावर माझी सही झाली की नावेत लोक बसणार आणि माझी नोकरी पक्की होणार. गुडघ्याला तेल लावत जा.

माया आहे तेवढी राहू द्या.
तुमची लुंबिनी

बिलोली, १७ जानेवारी

चि. लुंबिनीस,
बाबाचे लई आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारच्या चंद्रप्पाला वाचून दाखवलं. तो मासे धरायचं जाळं वाळवत होता, हसला. मला मात्र तुझी नाव सपनात दिसली. मांजरा नदीतून वर येऊन ज्वारीतून चालली होती, ताटं बाजूला सरकत होती. मी हाक मारली, पण आत कोणीच न्हाई तर ओ कोण देणार?

सकाळी चंद्रप्पा आपणहून आला. त्याला होडी न्हाई, तुला ठाऊक हाय. पांढऱ्या थर्माकोलवर पालथा पडून हातानं पाणी मारत जातो. त्यानं इचारलं, लुंबिनीची नाव मला काय समजंल? पंचवीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, कुणाला उत्तर द्यायचं राहिलं न्हाई, पर हे तुझ्यावर सोडलं. तूच सांग.

लोभ हाय तसाच ठेव.
बाबा

कोची, २७ जानेवारी

ती. बाबांस, जयभीम.

तुमचं पत्र वाचलं आणि लगेच चित्रांची यादी उघडली. पांढरा थर्माकोल मीच कचऱ्याच्या खान्यात टाकला होता. बिलोलीची पोर असून!

काल थर्माकोलवर कापडाचा माणूस पालथा निजवला, अंगात जुना सदरा घालून. नाव आली, आवाज न करता. थांबली नाही. बाबा, हळूसुद्धा झाली नाही. थोड्या वेळानं सदरा वर आला, माणूस आला नाही.

सरांना म्हटलं, सही करणार नाही, चित्रं पुन्हा लावावी लागतील, वर्ष जाईल. ते म्हणाले, इथं असं कोण जातं पाण्यात? तुमचा करार मार्चला संपतो. संपू द्या म्हटलं आणि तसं लिहून दिलं. नाव आता बांधून ठेवली आहे. खोलीवर येऊन मात्र खूप रडले. आईला सांगू नका.

रागावू नका एवढंच मागणं.
लुंबिनी

बिलोली, ४ फेब्रुवारी

चि. लुंबिनीस,
आशीर्वाद.

तुझ्या आईला सांगून टाकलं. माझ्या पोटात काय राहतंय! आधी रागावली, मग चंद्रप्पाच्या घरी कालवण देऊन आली.

चंद्रप्पानं सदऱ्याची ओळ दोनदा वाचायला लावली. म्हणला, वाचलो म्हण की. मी म्हणलं, अरे, तू कधी कोचीला गेलास? तर म्हणतो, तिथंबी माझ्यासारखा कोणी असंलच की.

मी उठलो आन् तडक हलवायाकडं गेलो. तो म्हणला, साहेबराव, लेक पक्की झाली वाटतं. म्हणलं, न्हाई, नोकरी गेली. पेढे एक किलो दे.

घर तुझंच हाय, ये.
बाबा