आमच्या घरचा मूळ मीटर

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून जबाबदारी!

बायकोच्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये मला आजवर फोन उचलण्यापलीकडे काम नव्हतं. इन्शुरन्स ऑफिसातून रिटायर झालेल्या माणसाला तेवढंच झेपेल असा तिथला समज. पण लेकीच्या नव्या घराचं किचन करायचंय. एक मार्चला ती राहायला जाणार. बायको दोन्ही मिस्त्रींना घेऊन तिथे साइटवर. ड्रॉवर ती तिथेच करून घेणार. कपाटांच्या सांगाड्यांच्या फळ्या मात्र वर्कशॉपमध्ये, आणि त्यांच्यावर मापं टाकणार मी. मी खूण करायची, कटिंगवाल्याने कापायचं.

लेक लहान असताना मी तिला अभ्यासाचं टेबल करून दिलं होतं. ते डुगडुगायचं. ती अजून ते आल्यागेल्याला सांगते आणि हसते. मला एकदा, फक्त एकदाच, तिने न हसता कोणाला तरी सांगायला हवंय की हे बाबांनी केलं.

संकल्प: एका मिलिमीटरचीही चूक होणे नाही.

२ फेब्रुवारी, दुपार
रविवार. वर्कशॉप बंद. एकटाच आलो आणि सगळे मेजरिंग टेप तपासले. हादरलो. प्रत्येक टेपच्या टोकाचा पत्र्याचा हूक ढिला! पुढेमागे हलतो. इतकी वर्षं हे लोक हलत्या टोकाने मोजतायत आणि कोणाला त्याचं काही नाही. शून्यच हलत असेल तर पुढच्या आकड्यांवर काय डोंबल विश्वास ठेवायचा?

प्रत्येक हूक आत ढकलून झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एकेक थेंब सोडला. सगळे पक्के. माझा अंगठाही. बायकोचा टेप तिच्या कमरेलाच असतो, त्यामुळे तो राहिला. तिला सांगितलं नाही. काम बघूनच कळू दे.

५ फेब्रुवारी
मापांचा इतिहास वाचतोय. पाया पक्का हवा.

पूर्वी गावागणिक माप वेगळं. कुठे राजाचं पाऊल, कुठे व्यापाऱ्याचा हात. मग फ्रान्समधल्या विद्वानांनी ठरवलं की उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. सगळं अंतर कोण चालणार? म्हणून दोघं जण मधला एक तुकडा मोजायला निघाले. लोकांनी हेर समजून त्यांना पकडलं. तरी वर्षानुवर्षं मोजत राहिले.

कटिंगवाल्याला हे सगळं सांगितलं. त्याने विचारलं, भाऊजी, फळी कापू का? (बायको सगळ्यांची ताई, म्हणून मी भाऊजी.) या देशात जिज्ञासा उरलेली नाही.

९ फेब्रुवारी
पृथ्वी रोज रोज कोण मोजणार, म्हणून त्यांनी तो मीटर प्लॅटिनमच्या पट्टीत उतरवला आणि कुलपात ठेवला. पुढे त्याहून कडक मिश्रधातूची पट्टी केली, तिच्या नकला देशोदेशी पाठवल्या. जगातले सगळे मीटर त्या एका पट्टीचे मिंधे. काय रुबाब!

आपलीही अशी पट्टी हवी. हार्डवेअरच्या दुकानातून पितळेची सळई आणली. आपल्या पक्क्या टेपने बरोबर एक मीटर मोजून कापली, कानशीने टोकं साफ केली. कागद चिकटवला: 'मूळ मीटर. हात लावू नये.' दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवली. त्यासाठी डिनर सेट पलंगाखाली हलवावा लागला. बायको कपाटाकडे बघत उभी राहिली आणि मग आंघोळीला गेली. प्रभावित झाली असावी.

१३ फेब्रुवारी
साइटवरून बायकोचा फोन. सगळ्या फळ्या किंचित तोकड्या आहेत म्हणे. किंचित म्हणजे किती? दीडेक मिलिमीटर. ताबडतोब उरलेली फळी मोजली. अचूक! टेपवर संशय नको म्हणून घरी येऊन टेप सळईला लावला. केसाचाही फरक नाही. टेपने सळई कापली, सळईने टेप तपासला, दोघांचं एकमत. याला म्हणतात पुरावा.

बायकोला कळवलं की तिच्या टेपमध्ये दोष आहे, शिवाय लेकीच्या घराची भिंत वाकडी असणार. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. फोन ठेवला. माझा मुद्दा भिंतीबद्दल होता, अंगणाबद्दल नव्हताच.

१६ फेब्रुवारी
कारण सापडलं. उष्णता! धातू गरम झाला की वाढतो. फ्रान्समधली पट्टी शून्य अंशालाच खरी धरत. आणि साइटवर ऊन केवढं! बायकोचा टेप तापून लांबलाय. साधं विज्ञान आहे, पण ऐकणार कोण?

सळई थंड करण्यासाठी फ्रिजमध्ये तिरकी घातली. दार लागेना. दुपारभर अर्धवट उघडंच राहिलं. दूध नासलं, आइस्क्रीमचं सरबत झालं. बायको संध्याकाळी दमून आली आणि सळईकडे बोट दाखवून म्हणाली, ही राहील नाहीतर मी. मी विचार करायला वेळ मागितला, तेही चुकलं.

१८ फेब्रुवारी
इतके दिवस जुन्या जगात होतो. ती पट्टीसुद्धा केव्हाच मोडीत निघाली. आधी क्रिप्टॉन वायूच्या प्रकाशाच्या लाटा मोजून मीटर ठरवला. तोही सोडला. आता व्याख्या अशी: एका सेकंदाच्या २९ कोटी ९७ लाख ९२ हजार ४५८व्या भागात प्रकाश जितकं अंतर जातो, तो एक मीटर. झिजणार नाही, तापणार नाही, कुलूपही नको.

लेझरचं मोजायचं यंत्र आणलं. सळईचं एक टोक भिंतीला टेकवलं, दुसऱ्या टोकापाशी यंत्र ठेवलं, बटण दाबलं. ०.९९८. पुन्हा दाबलं. ०.९९९. सेल बदलले. ०.९९८. प्रकाशाकडून ही अपेक्षा नव्हती.

१९ फेब्रुवारी
यंत्र परत करायला गेलो. दुकानदाराने ते माझ्यासमोर तपासलं, ठीक आहे म्हणाला. मी म्हटलं, माझा मूळ मीटर वेगळं सांगतो. तो म्हणाला, कुठला मूळ मीटर? मी म्हटलं, घरी काचेच्या कपाटात आहे. मग तो माझ्याशी फार हळू आवाजात आणि गोड बोलू लागला. लोकांचं काही कळत नाही.

२२ फेब्रुवारी
बायको तणतणत वर्कशॉपमध्ये. तिने केलेले ड्रॉवर माझ्या कपाटांत जात नाहीत. एकही नाही. मी म्हटलं, ड्रॉवर जाड झाले असतील. तिने माझ्या हातातला टेप घेतला आणि अंगठ्याने हूक ढकलून बघितला. हलला नाही. दुसरा टेप. तिसरा. हे कोणी केलं, असं तिने अगदी शांतपणे विचारलं. मी अभिमानाने सांगितलं.

ती स्टुलावर बसली. कामाच्या वेळात बसलेली मी तिला पहिल्यांदा पाहिली.

मग तिने सांगितलं. हूक हलायलाच हवा, कंपनीच तो तसा करते. फळीच्या कडेला अडकवून ओढला की तो स्वतःच्या जाडीइतका पुढे येतो. भिंतीला टेकवून ढकलला की तितकाच मागे जातो. म्हणून दोन्हीकडून शून्य जागेवर राहतं. मी तो आत ढकलून चिकटवला. त्यामुळे कडेला अडकवून टाकलेलं प्रत्येक माप हूकच्या जाडीइतकं तोकडं. सगळ्या फळ्या. सळईसुद्धा.

मी म्हटलं, मग टेपवर तसं लिहायला हवं होतं. ती उठून गेली.

२३ फेब्रुवारी
रात्री झोप नाही. पण सकाळी मोठा दिलासा मिळाला. तो फ्रान्सचा मीटर! तोही तोकडाच होता. पृथ्वी ध्रुवांपाशी किती चपटी आहे याचा हिशेब चुकला आणि मीटर जवळपास शून्य पूर्णांक दोन मिलिमीटरने कमी भरला. नंतर चूक कळली. बदलला का? नाही! तोच चालवला. म्हणजे विद्वानांनी केली की व्याख्या, नवऱ्याने केली की चूक.

हे बायकोला चहाच्या वेळी ऐकवलं. ती म्हणाली, पृथ्वीला ड्रॉवर बसवायचे नसतात.

२६ फेब्रुवारी
नव्याने फळ्या कापायला वेळ नाही. दोन्ही मिस्त्री ड्रॉवर घासून बारीक करतायत. मी मदतीला गेलो तर मला खुर्ची दिली. मोठे मिस्त्री धाकट्याला म्हणत होते, याचा एक भाऊजी काढ. पलीकडून तो ओरडला, इथे दोन भाऊजी लागतील. माझ्या चुकीएवढ्या जाडीला यांनी माझंच नाव ठेवलंय. बायको हे ऐकत होती आणि तिने कोणाला अडवलं नाही.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. मग आठवलं, व्होल्ट, वॉट हीसुद्धा माणसांचीच नावं. वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. (तरी वाटतंय.)

२ मार्च
काल लेक राहायला गेली. संध्याकाळी तिच्या ऑफिसातली मंडळी घर बघायला आली. किचन सगळ्यांना आवडलं. कोणी केलं, असं एकीने विचारलं. लेक म्हणाली, आईने. मग माझ्याकडे बघून म्हणाली, आणि बाबांनी. माझी मान ताठ झाली. एवढ्यात तिने खालचा ड्रॉवर ओढला. अडकला. ती सहज म्हणून गेली, आई, हा अजून अर्धा भाऊजी घासायला हवा. पाहुणे हसले. म्हणजे त्यांना आधीच सगळं माहीत होतं.

जावयाने विचारलं, भाऊजी म्हणजे नक्की किती? उरलंसुरलं काम उरकायला आलेले मोठे मिस्त्री म्हणाले, दीड मिलिमीटर. बायको म्हणाली, थोडा कमी. वाद सुरू झाला. शेवटी मीच सांगितलं की टेपच्या हूकच्या पत्र्याची जी जाडी, तो एक भाऊजी. सगळ्यांना पटलं. माझं पहिलंच माप, जे कोणी पुन्हा तपासलं नाही.

मी म्हटलं, आणा तो ड्रॉवर, अर्धाच आहे ना, मी घासतो. बाल्कनीत बसून मिस्त्रींच्या रंध्याने मन लावून घासला. बसवून बघितला तर आत जाऊन लटलट हलायला लागला. अर्ध्याच्या जागी दोन निघाले असावेत. मी रंधा पुन्हा उचलला. लेकीने तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला आणि म्हणाली, राहू दे बाबा.